पाहावे दोघांनी, ठरवावे एकट्याने



दहावीची परीक्षा संपली की घरोघरी दोन प्रश्न निघतात. पुढे काय शिकायचे, हा पहिला आणि कोठे शिकायचे, हा दुसरा. पहिल्या प्रश्नावर व्याख्याने होतात, लेख येतात, वडीलधारी मंडळी रात्र रात्र चर्चा करतात. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र बहुधा परस्परच ठरून जाते. शेजारची ताई जेथे शिकली ते महाविद्यालय चांगले, ज्याचे नाव वर्तमानपत्रात येते ते चांगले, किंवा सगळे मित्र जेथे जाणार ते चांगले!

मी गेली वीस वर्षे एका महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. अकरावीच्या पहिल्या तासाला मी दरवर्षी एक प्रश्न विचारतो: ‘प्रवेशाचा अर्ज भरण्यापूर्वी ज्यांनी हे महाविद्यालय आतून पाहिले होते, त्यांनी हात वर करा.’ वर येणारे हात एका दृष्टिक्षेपात मोजता येतात. चपलांचा जोड घेताना आपण तो पायात घालतो, दुकानातल्या दुकानात चार पावले चालून पाहतो. जेथे आयुष्यातली दोन महत्त्वाची वर्षे घालवायची ती जागा मात्र न पाहताच पसंत करतो. हे नवल नाही काय?

महाराष्ट्रात २०२५ पासून अकरावीचे प्रवेश संपूर्ण राज्यात एकाच केंद्रीय पद्धतीने, संगणकावर अर्ज भरून होऊ लागले. गावोगावच्या रांगा त्यामुळे कमी झाल्या, ही चांगलीच गोष्ट झाली. परंतु पूर्वी अर्ज आणायला आणि भरायला तरी महाविद्यालयाच्या दारात जावे लागे. आता पडद्यावर महाविद्यालयाचे नाव, सांकेतिक क्रमांक आणि मागील वर्षी प्रवेश किती गुणांवर थांबला ते आकडे, एवढेच दिसते. या आकड्यांवरून इतर मुलांनी काय पसंत केले ते कळते. तेथे काय आणि कसे शिकवतात, ते कळत नाही. म्हणून माझे तुम्हाला आग्रहाचे सांगणे आहे, की पसंतीक्रम भरण्यापूर्वी ती महाविद्यालये प्रत्यक्ष पाहून या. आणि जाताना एखाद्या मित्राला किंवा मैत्रिणीला बरोबर घ्या. मित्र कशासाठी, ते सांगण्यासाठी मला माझीच एक गोष्ट सांगावी लागेल.

१९९५ सालच्या जून महिन्यातली ही गोष्ट आहे. दहावीचा निकाल लागला होता. मी आणि माझा एक वर्गमित्र सकाळच्या एस.टी.ने जिल्ह्याच्या गावी गेलो. दोन महाविद्यालये पाहायची असे ठरले होते. पहिल्याची इमारत नवी कोरी होती. दर्शनी भिंतीवर गुणवंतांची छायाचित्रे लावलेली. ती पाहूनच आम्ही निम्मे भारावून गेलो. प्रयोगशाळा पाहायला मिळेल का, असे आम्ही शिपाईमामांना विचारले. त्यांनी दार उघडून दिले. आत काचेची कपाटे ओळीने उभी होती आणि त्यांत उपकरणे नीट मांडून ठेवलेली होती. कपाटांना कुलपे होती. काही उपकरणांवरचे कारखान्यातले प्लॅस्टिकचे वेष्टनही निघालेले नव्हते. ‘केवढी नवी उपकरणे!’ असे मी मित्राला म्हणाल्याचे आजही आठवते. नवेपणाचा अर्थ काय, हे तेव्हा माझ्या ध्यानात आले नाही.

दुसरे महाविद्यालय कौलारू, जुने. पावसाची एक सर येऊन गेली होती आणि व्हरांड्यात बादली ठेवलेली होती. प्रयोगशाळेत एक सहायक टेबलावर वर्तमानपत्र पसरून सोनोमीटरच्या तारा बदलत बसले होते. आम्हाला दारात घुटमळताना पाहून ते म्हणाले, ‘काय रे पोरांनो, आत या की!’ भिंतीवर फोर्टिनचा वायुभारमापक टांगलेला होता. पुस्तकात त्याची आकृती आम्ही काढली होती, पण वस्तू प्रथमच पाहत होतो. त्याच्या खालच्या भांड्यात पारा असतो आणि पाऱ्यावर एक हस्तिदंती टोक रोखलेले असते. तळाचा स्क्रू फिरवून पारा वर आणायचा. टोक आणि पाऱ्यातले त्याचे प्रतिबिंब एकमेकांना टेकले, की नळीतल्या पाऱ्याची उंची वाचायची. त्यांनी स्क्रू फिरवून दिला आणि म्हणाले, ‘वाचा बघू. एकमेकांना सांगू नका, चिठ्ठीवर लिहा.’

माझ्या चिठ्ठीवर ७१.१२ सेंटिमीटर होते आणि मित्राच्या ७१.३४. एकच हवा, एकच पारा, आणि वाचने दोन! शिवाय पुस्तकात तर ७६ सेंटिमीटर दिलेले. ‘उपकरण बिघडलंय,’ असे आम्ही एकमुखाने जाहीर केले. ते हसले. त्यांनी मला एक स्टूल दिले आणि मित्राला थोडे वाकायला सांगितले. मी बुटका, तो उंच. मी खालून पाहत होतो, तो वरून. डोळा पाऱ्याच्या पातळीत आला तेव्हा माझे वाचन ७१.२२ आले, त्याचे ७१.२४. दोघेही चुकलो होतो, आणि दोघे होतो म्हणूनच चूक उघडकीस आली होती. राहता राहिले ते ७६ चे कोडे. ‘आपलं गाव समुद्रापासून किती उंचावर आहे?’ एवढेच त्यांनी विचारले आणि पुन्हा तारांकडे वळले. गाव साडेपाचशे मीटरच्या आसपास उंचीवर वसलेले. वर जावे तशी डोक्यावरची हवा कमी होत जाते आणि पाराही कमी उंचीवर तोलला जातो. आम्ही भूगोलात गावाची उंची पाठ केली होती आणि विज्ञानात ७६ चा आकडा पाठ केला होता. दोहोंचा एकमेकांशी काही संबंध असेल, हे त्या दिवसापर्यंत आमच्या मनातही आले नव्हते.

(आज पाऱ्याची उपकरणे प्रयोगशाळांतून कमी होत आहेत, आणि ते योग्यही आहे. पाऱ्याची वाफ विषारी असते. पण टेकलेले टोक आणि समपातळीतला डोळा यांचा धडा कोणत्याही मोजपट्टीवर घेता येतो.)

मित्राला बरोबर न्यायचे ते एवढ्याचसाठी. विज्ञानात एका निरीक्षकाच्या वाचनावर आपण समाधान मानीत नाही. आपण जे पाहतो त्यात आपली उंची, आपली घाई आणि आपली आवडनिवड मिसळलेली असते. दुसऱ्याचे वाचन वेगळे आले, की आपल्या चुकीचा पत्ता लागतो. महाविद्यालय पाहतानाही तसेच करा. जाण्यापूर्वी दोघांनी मिळून प्रश्नांची यादी करा. पाहताना एकमेकांशी मत बोलू नका. आपापल्या वहीत टिपून घ्या. परत येताना गाडीत दोन्ही वह्या शेजारी शेजारी ठेवा. जेथे नोंदी जुळतात तेथे बहुधा खरे सापडले आहे. जेथे जुळत नाहीत तेथे पुन्हा पाहायला हवे.

काय पाहावे? इमारत आणि मैदान तर दिसतातच. मी चार वेगळ्या गोष्टी सुचवतो.

पहिली, उपकरणांची झीज. ज्या उपकरणाला रोज हात लागतात त्याची पितळेची मूठ चकचकीत असते, लाकडी पाटीच्या कडा गुळगुळीत झालेल्या असतात, एखाद्या पायाला कागदाची घडी लावलेली असते. कपाटातल्या नव्या कोऱ्या उपकरणापेक्षा टेबलावरचे जुने, डागडुजी केलेले उपकरण मला अधिक विश्वासाचे वाटते.

दुसरी, एखाद्या बारावीच्या विद्यार्थ्याची प्रयोगवही. ती विनयाने मागा; बहुतेक मुले दाखवतात. साध्या लंबकाचा प्रयोग उघडा. लंबकाची लांबी एक मीटर असेल तर वीस आंदोलनांना सुमारे चाळीस सेकंद लागतात आणि त्यावरून गुरुत्व त्वरणाचे मूल्य काढायचे असते. पुस्तकातले मूल्य दर सेकंदाला दर सेकंदी सुमारे ९८० सेंटिमीटर. एकाच्या वहीत ९६५, दुसऱ्याच्या वहीत ९९२ असे काही आले असेल आणि शेजारी शिक्षकांनी ‘असे का?’ म्हणून लाल शाईने लिहिले असेल, तर तेथे प्रयोग होतात असे समजा. साऱ्या वह्यांत एकच उत्तर, तेही पुस्तकाबरहुकूम असेल, तर त्या वह्या एकमेकींवरून जन्मल्या आहेत!

तिसरी, ग्रंथालयातल्या पुस्तकामागची तारखांची चिठ्ठी. जेथे ती अजून चिकटवतात, तेथे पाच-सहा पुस्तके उघडून शेवटची तारीख कधीची आहे ते पाहा. जेथे संगणकावर नोंद होते, तेथे ग्रंथपालांना विचारा, की मुले कपाटापर्यंत जाऊन पुस्तक हाताळू शकतात की खिडकीतून मागावे लागते.

चौथी, वाट. घरून महाविद्यालयापर्यंत किती किलोमीटर हे विचारू नका. किती वेळ लागतो ते मोजा, आणि तोही महाविद्यालयाच्या वेळेला निघून मोजा. जायला दीड तास आणि यायला दीड तास लागत असेल, तर रोजचे तीन तास झाले. वर्षातले दोनशे दिवस धरले तर सहाशे तास होतात, म्हणजे पूर्ण पंचवीस दिवस आणि रात्री. मुलींनी शेवटची गाडी किती वाजता आहे, हेही पाहावे. चांगले महाविद्यालय लांब असले तरी तेथे जावे, पण किंमत किती पडते ते ठाऊक असावे.

येथे मला एक स्पष्ट मत मांडायचे आहे, ते काही पालकांना रुचणार नाही. आज अनेक ठिकाणी असे होते, की मुलाचे नाव एका महाविद्यालयात असते आणि मूल दिवसभर बसते शिकवणीच्या वर्गात. अशा पालकांना महाविद्यालय पाहण्याचे कारणच वाटत नाही. ते म्हणतात, प्रवेश-परीक्षेत उपकरण कोठे हातात देतात? खरे आहे. जेईई मुख्य परीक्षेच्या आणि नीटच्या अभ्यासक्रमात प्रायोगिक कौशल्यांचा भाग आहे, पण तो प्रश्न वाचून उत्तर देण्यापुरता. तरीही राज्य मंडळाच्या बारावीच्या भौतिकशास्त्रात १०० पैकी ३० गुण प्रात्यक्षिकाला आहेत. आणि गुण बाजूला ठेवले, तरी ज्याला पुढे अभियंता किंवा डॉक्टर व्हायचे आहे, त्याने दोन वर्षांत स्वतःच्या हाताने काहीच मोजू नये, हे मला धोक्याचे वाटते. त्याला अचूक उत्तरांची सवय लागते. मोजताना उत्तर हलते, आणि ते किती हलते हे सांगण्यातच शास्त्र आहे, याची त्याला कल्पनाच येत नाही.

हे मी अनुभवाने सांगतो आहे, कारण माझी गोष्ट अजून पुरी झालेली नाही. त्या दिवशी परतीच्या गाडीत मित्र म्हणाला, ‘मी पहिल्यातच जाणार. तूही ये, सोबत होईल.’ मला कौलारू प्रयोगशाळा मनापासून आवडली होती. पण अनोळखी गावात एकटे राहण्याची भीती वाटली आणि मी ‘बरं’ म्हणालो. पाहून आलेले सारे त्या एका शब्दाने पुसले गेले. सहामाही परीक्षेनंतर मित्राने विज्ञान शाखाच सोडली आणि पुढच्या वर्षी तो पदविकेला गेला. त्यात त्याची काही चूक नव्हती. त्याला जे करायचे होते ते त्याला सापडले, आणि आज तो आपल्या कामात सुखी आहे. मी मात्र ज्याच्यासाठी आलो तो निघून गेल्यावर त्याच महाविद्यालयात उरलो. दोन वर्षांत ती कपाटे क्वचितच उघडली. प्रयोग फळ्यावर लिहून दिले जात आणि आम्ही वहीत उतरवून घेत असू.

१९९७ साली बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षेत माझ्या वाट्याला मीटर ब्रिज आला. एक मीटर लांबीच्या तारेवर जॉकी टेकवत टेकवत, गॅल्व्हानोमीटरचा काटा शून्यावर येईल तो बिंदू शोधायचा. सूत्र मला तोंडपाठ होते. मी जॉकी उचलली आणि तारेवरून सर्रकन ओढत नेली. परीक्षक जवळ आले आणि हळूच म्हणाले, ‘बाळ, तार खरवडू नकोस. टेकव, उचल, पुढे जा.’ ओढल्याने तार झिजते, तिची जाडी सगळीकडे सारखी राहत नाही आणि मग सूत्रच खोटे ठरते. ते मला रागावले नाहीत. पण ते वाक्य ऐकून जी शरम वाटली, तिचा मला पुढे उपयोग झाला. बी.एस्सी.साठी मी त्या कौलारू महाविद्यालयात गेलो. तारा बदलणारे ते सहायक अजून तेथेच होते. पहिली दोन-तीन महिने सुटीच्या वेळात त्यांनी माझ्याकडून अकरावी-बारावीचे प्रयोग करवून घेतले. दोन वर्षांपूर्वी जे घ्यायचे ते मी उशिरा घेतले, एवढेच. सगळ्यांनाच अशी दुसरी संधी मिळत नाही.

म्हणून मी सांगतो, की पाहावे दोघांनी, पण ठरवावे एकट्याने. सोबत ही चांगली गोष्ट आहे. डबा एकत्र खायला, अडलेले गणित विचारायला मित्र हवाच. पण मित्र ज्या कारणासाठी महाविद्यालय निवडतो ते कारण त्याचे असते. त्याचे वाचन तुमच्या वहीत उतरवून घेऊ नका. तुमची मैत्री खरी असेल तर वेगळ्या दारांतून गेल्याने ती तुटणार नाही.

‘आमच्या तालुक्यात एकच महाविद्यालय आहे, मग पाहून काय उपयोग?’ असे तुमच्यापैकी काहीजण विचारतील. उपयोग आहे. तेथे काय उणे आहे ते जूनमध्येच कळले, तर ते भरून काढायला वर्ष हाताशी असते. दोरा आणि दगड यांचा लंबक घरीही टांगता येतो. शिवाय चार मुलांनी जाऊन ‘सर, आम्हाला प्रयोग करायचे आहेत’ असे म्हटले, की कित्येक कुलपे उघडतात. मी स्वतः शिक्षक आहे. विचारणारी मुले आली की आम्हालाही हुरूप येतो, हे मी गुपित म्हणून सांगतो. ‘आमचे गुण कमी आहेत, आम्हाला कोण निवडू देणार?’ असेही कोणी म्हणेल. गुणांनी तुमची यादी लहान होईल, पण त्या यादीतला क्रम तर तुम्हीच लावणार ना?

आत शिरून पाहण्याने काय घडू शकते, याचे एक प्रसिद्ध उदाहरण आपल्या देशात आहे. १९०७ साली अर्थखात्यात अधिकारी म्हणून चंद्रशेखर व्यंकट रामन कलकत्त्यास आले. वय अवघे अठरा. कचेरीच्या वाटेवर ट्राममधून त्यांना बोबाजार रस्त्यावर एका संस्थेची पाटी दिसली. विज्ञानाच्या संवर्धनासाठी महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ मध्ये स्थापन केलेली ती संस्था होती. रस्त्याने जाणाऱ्या हजारोंना ती पाटी दिसत असेल. रामन आत गेले आणि येथे काम करता येईल का, असे विचारले. कचेरीच्या आधी आणि नंतर ते तेथे प्रयोग करू लागले. त्याच संस्थेत २८ फेब्रुवारी १९२८ रोजी रामन परिणामाचा शोध लागला आणि १९३० मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. हा २८ फेब्रुवारी आपण राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून पाळतो. त्या निमित्ताने पुण्याची ‘आयुका’ ही संस्था आपली दारे सर्वांना उघडते आणि नारायणगावजवळ खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० ॲंटेनांची महाकाय रेडिओ दुर्बीण विद्यार्थ्यांना पाहता येते.

शिक्षक बंधुभगिनींनो, येथे तुम्हाला एक विनंती. ज्या संस्थांत जगातले मोठे संशोधन चालते त्या वर्षातून एकदा दारे उघडतात. मग आपल्या गावातल्या कनिष्ठ महाविद्यालयाने दहावीच्या मुलांसाठी एक दिवस प्रयोगशाळा उघडली तर काय बिघडेल? त्या दिवशी भाषणे नकोत, हारतुरे नकोत. अकरावीची मुले प्रयोग करीत असावीत आणि दहावीच्या मुलांनी त्यांच्या शेजारी उभे राहून ते पाहावेत. मुख्याध्यापकांनी एक पत्र लिहिले तर हे जमण्यासारखे आहे. मुलांना प्रवेश-अर्ज कसा भरावा हे आपण शिकवतो. काय पाहून भरावा, हेही शिकवू या.

आणि मित्रांनो, एक सावधगिरी. एक भेट म्हणजे एक वाचन. प्रवेशाच्या दिवसांत गेलात तर फक्त गर्दी दिसेल. जमल्यास दहावीचे वर्ष चालू असतानाच, एखाद्या साध्या दिवशी, तास सुरू असताना जा. आणि परवानगी विचारून जा. दारात कोणी ‘काय रे पोरांनो, आत या की’ म्हणाले, तर ती नोंद वहीत सगळ्यांत वर लिहा.